गनडॉग वर्किंग टेस्ट: नुसतं कुंईकुंई केलं म्हणून शून्य?

ओलीपायवाट

नमस्कार मंडळी. प्राणीप्रेमींच्या गटात आधी विचारणार होते, पण तिथे सगळे मांजरवाले, म्हणून वेगळा धागा काढतेय.

गेल्या रविवारी आमच्या केशरची पहिली वर्किंग टेस्ट झाली. केशर म्हणजे आमची गोल्डन रिट्रीव्हर, १६ महिन्यांची. आम्ही इंग्लंडात श्रॉपशरमध्ये राहतो, इथल्याच एका गनडॉग क्लबची स्पर्धा होती (गनडॉग म्हणजे बंदुकीने पक्षी टिपणाऱ्या शिकाऱ्याबरोबर काम करणारे कुत्रे). तीन शेतांत तीन गट. एकात रिट्रीव्हर, दुसऱ्यात स्पॅनियल, आणि ओढ्यापलीकडे एचपीआर, म्हणजे पक्षी हुडकायचा, दिसला की पुतळ्यासारखं थांबून दाखवायचा आणि पडल्यावर उचलूनही आणायचा अशी तिन्ही कामं करणारे, जर्मन पॉइंटर, विझ्ला, वायमारानर वगैरे. चौथा गट पॉइंटर आणि सेटरचा, पण त्यांना फार मोठी मोकळी जागा लागते त्यामुळे ते या दिवशी नव्हते.

आधीच सांगते, यात कुठलाही पक्षी मारत नाहीत. हिरव्या कॅनव्हासच्या डमी असतात, साधारण ४५० ग्रॅमच्या. लांबून कुणीतरी नुसता आवाजाचा बार काढतं आणि डमी हवेत फेकतं. कुत्र्याने ती कुठे पडली ते बघायचं, लक्षात ठेवायचं, सांगेपर्यंत जागचं हलायचं नाही, सांगितलं की सरळ जाऊन आणायची आणि हातात द्यायची. प्रत्येक टेस्ट २० गुणांची. केशर पपी क्लासमध्ये होती, तो १८ महिन्यांच्या आतल्यांसाठी असतो.

पहिल्या टेस्टला १८, दुसरीला १६, पाण्यातलीला चक्क १९. मला तर रडूच यायला लागलं होतं. मग चौथीत चार कुत्रे ओळीत बसवले, बार झाला, डमी पडली आणि जजने शेजारच्या काळ्या लॅबला (लॅब्राडोर रिट्रीव्हरला) पाठवायला सांगितलं. केशर जागची हलली नाही हो, पण तोंडातून कुंई... कुंईईई. दोनदा. जज आजोबा खाली वाकून फार प्रेमाने म्हणाले की गुणी पोर आहे, पण मला शून्य द्यावं लागेल. बक्षिसाचं संपलंच तिथे.

घरी येताना गाडीत मी आणि नवरा दोघंही गप्प, केशर मागे घोरत होती. तर माझे प्रश्न दोन. एवढ्याशा आवाजाला शून्य हे बरोबर आहे का? पळून गेली असती तर समजू शकते. आणि दुसरं, ही सवय जाते का, कुणी घालवली आहे का?

नागपुरीसंत्रं

पहिले तर केशरला एक उकडलेलं अंडं माझ्याकडून. पाण्यात १९ म्हणजे गंमत नाही.

आमच्याकडे मोती आहे, लॅब, ५ वर्षांचा, वजन ४२ किलो. त्याला बॉल फेकला तर तो बॉलकडे बघतो मग माझ्याकडे बघतो आणि मग मीच जाऊन आणतो. हे असं काही करायची जात आहे हे आज कळलं मला. पण एक सांगा, सगळे कुत्रेच आहेत ना, मग गट कशाला, एकाच मैदानात सोडा, जो भारी तो जिंकेल.

डोंगरवाट

ओलीपायवाट ताई, अभिनंदन आधी. पहिल्याच वेळी तीन टेस्ट नीट पार पाडणं सोपं नाही.

मी स्कॉटलंडमध्ये पर्थशरला असतो, माझ्याकडे स्प्रिंगर स्पॅनियल आहे, तिखट नाव. हिवाळ्यात मी इथल्या एका इस्टेटवर पिकिंग-अपला जातो, म्हणजे पडलेले आणि जखमी पक्षी शोधून आणायला. त्यामुळे शून्य का हे मी जरा कामाच्या बाजूने सांगतो. खऱ्या दिवशी रिट्रीव्हर काय करतो तर बसतो. अर्धा अर्धा तास, थंडीत, मालकाच्या पायाशी. समोरच्या रानातून हाकारे पक्षी उठवत पुढे आणत असतात. त्या वेळी एका कुत्र्याने आवाज केला की पक्षी बाजूने निसटतात आणि दुसरं म्हणजे शेजारचे चार कुत्रेही पेटतात, ते फार पटकन पसरतं. बदकांसाठी पहाटे तळ्याकाठी दबा धरून बसलेले असताना तर विचारूच नका. म्हणून कुंईकुंई, भुंकणं, न सांगता सुटणं, पाण्यात जायला नकार, तोंडातली वस्तू टाकून दुसरी उचलणं, या सगळ्याला एकच शिक्षा. जजच्या हातात काही नसतं. तुमचे जज प्रेमाने बोलले हेच खूप.

@नागपुरीसंत्रं, गटांचं असं की खोखोवाल्याला कुस्तीच्या हौद्यात उतरवलं तर कोण जिंकलं याला अर्थ काय? माझी तिखट ओळीत गप्प बसायला जन्मालाच आलेली नाही. तिचं काम माझ्यापुढे नागमोडी पळत झुडपं धुंडाळायची, तेही माझ्यापासून २०-२५ मीटरच्या आत, कारण त्यापुढे पक्षी उठला तर बंदुकीच्या टप्प्यात येत नाही. पक्षी उठला की त्याच क्षणी खाली बसायचं. एवढ्या वेगात असताना बसायचं हो! तिच्या परीक्षेत याला गुण. पॉइंटर आणि सेटर उलटे, ते शे-दोनशे मीटर लांब वाऱ्यावर वास घेत फिरतात, पॉइंट धरतात, आणि ब्रिटनमध्ये त्यांच्याकडून उचलून आणायची अपेक्षाच नसते.

चिंचेचंझाड

वाचायला छान वाटलं पण मनात एक टोचतंय ते लिहिते. डमी असली तरी ही सगळी तयारी शिकारीचीच ना? तिकडे दरवर्षी कोट्यवधी फेजंट पक्षी पाळून सोडतात, फक्त गोळ्या घालायला. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते बरंच झालं. मग त्याच्याशी जोडलेल्या खेळाचं कौतुक का करायचं?

हॅनोव्हरकर

मी जर्मनीतून. माझा ड्राटहार, म्हणजे राठ केसांचा दाढीवाला जर्मन पॉइंटर, नाव भीमा. (नदीवरून ठेवलंय, पंढरपूरचा आहे मी.)

ताई, तुम्हाला गंमत वाटेल, आमच्याकडे आवाजाला गुण आहेत! इथे वसंतात तरुण कुत्र्यांची एक परीक्षा असते, त्यात कुत्र्याला सशाच्या मागावर सोडतात. ससा दिसेनासा झालेला असतो, कुत्र्याने नुसत्या वासावर माग काढायचा, आणि माग काढताना तो भुंकत गेला तर ते चांगलं मानतात, नोंद करतात तशी. त्याला श्पुअरलाउट म्हणतात. कारण दाट जंगलात कुत्रा कुठे आहे, कुठल्या दिशेने चाललाय ते शिकाऱ्याला ऐकूनच कळतं. मग पानगळीच्या दिवसांत दुसरी परीक्षा, त्यात पाण्यातलं काम येतं आणि फरफटत नेलेल्या सावजाच्या मागावर जाऊन ते आणणं. म्हणजे एकाच कुत्र्याकडून सगळं. गट पाडून कामं वाटून घेणं ही इंग्रजांची रीत, त्यांच्याकडे मोठ्या जहागिऱ्या, चार प्रकारचे कुत्रे पाळायला माणसं होती. इकडे एका शिकाऱ्याकडे एकच कुत्रा, त्यानेच हुडकायचं त्यानेच आणायचं.

सांगायचा मुद्दा, आवाज वाईट असं काही नसतं. कशासाठी आवाज आणि कधी, एवढंच.

ओलीपायवाट

अरे वा हॅनोव्हरकर! म्हणजे केशर चुकीच्या देशात जन्मली.

डोंगरवाट दादा, थंडीत अर्धा तास गप्प बसणं हेच मुख्य काम आहे हे मला कुणी इतक्या सरळ सांगितलंच नव्हतं. मी क्लासला जायची ते आणण्यासाठी, बसणं म्हणजे मधला वेळ असं धरून चालले होते.

चिंचेचंझाड, तुमचं म्हणणं मी बाजूला नाही टाकणार. मी स्वतः शूटला जात नाही आणि जाणारही नाही. आमच्या क्लबात माझ्यासारखे बरेच आहेत, त्यांनी बंदूक हातातही धरलेली नाही. पण केशर डमीकडे जाताना तिचं सगळं अंग जसं बदलतं ना, शेपूट, कान, मान, ते मी दुसऱ्या कुठल्याच खेळात पाहिलं नाही. पार्कात बॉल खेळतानाही नाही. दीडशे वर्षं तिच्या आजी-पणजींना ज्या कामासाठी निवडलं ते काम तिला कापडाच्या पिशवीवर करायला मिळत असेल तर ते तिच्यापासून काढून घ्यावं असं मला वाटत नाही.

हॅनोव्हरकर

चुकीच्या देशात नको म्हणू ताई. ओळीत बसून रडणारा कुत्रा इथेही कुणाला आवडत नाही. मागावर बोलणं वेगळं आणि अधीर होऊन रडणं वेगळं. भीमाला पण एकदा त्यावरून ऐकून घ्यावं लागलंय, म्हणजे मला.

टेक्सासचाकोल्हापुरी

आमच्याकडे अमेरिकेत बघा अजून वेगळं. इथे हंट टेस्ट असतात, एकेसीने (अमेरिकन केनेल क्लबने) १९८५ ला रिट्रीव्हरच्या सुरू केल्या. ज्युनियर, सीनियर, मास्टर अशा तीन पायऱ्या. यात पहिला-दुसरा नंबर नसतोच, पास किंवा नापास. प्रत्येक कौशल्याला दहापैकी मार्क, सगळ्याची सरासरी ७ पाहिजे आणि कुठल्याच एका गोष्टीत ५ च्या खाली नको. ज्युनियरला तर कुत्र्याला पट्ट्याला धरून बसवलेलं चालतं. मला ही पद्धत जास्त आवडते, शेजारच्याचा कुत्रा किती भारी याने माझ्या कुत्र्याचं काही बिघडत नाही. फक्त आमच्याकडे खरी बदकं वापरतात, डमी नाही, त्यामुळे चिंचेचंझाड यांना अजून राग येईल.

आणि आमच्या इथे रिट्रीव्हरच्या टेस्टला स्टँडर्ड पूडलही चालतो! लोक हसतात, पण पूडल मुळात पाण्यातून बदकं आणणाराच कुत्रा. ते केस तसे कापायचे ते पोहायला सोपं जावं आणि सांध्यांना ऊब राहावी म्हणून, असं सांगतात.

नागपुरीसंत्रं

पूडल?? ते पार्लरमधून आल्यासारखं दिसतं ते?

आमच्या शेजारच्या काकूंकडे एक आहे, त्याच्याकडे आता मी आदराने बघीन.

वाईचा_पशुवैद्य

धागा छान चाललाय. @नागपुरीसंत्रं, मोतीचं ४२ किलो हसण्यावारी नेऊ नका राव. नर लॅब साधारण ३० ते ३६ किलोपर्यंत ठीक. लॅबच्या भुकेमागे काही वेळा खरंच जनुकीय कारण असतं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो, आणि असे कुत्रे खाण्याच्या जास्त मागे असतात. हाच दोष फ्लॅटकोटेड रिट्रीव्हरमध्येही सापडला. आणि गंमत म्हणजे अंधांना वगैरे मदत करणाऱ्या लॅबमध्ये त्याचं प्रमाण खूप जास्त निघालं, बहुतेक खाऊसाठी पटकन शिकतात म्हणून तेच निवडले गेले असावेत.

म्हणजे मोती आळशी नाही, त्याला काम नाही आणि पोळ्या मात्र आहेत. ४८ लॅबवर एक लांबलचक अभ्यास झाला होता, २००२ मध्ये छापून आला. एकाच वेतातल्या जोड्या, त्यातल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला. कमी खाणारे जवळपास पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि संधिवातही त्यांना उशिरा झाला. आमच्याकडे दवाखान्यात येणारे निम्मे लॅब मी नुसते बघूनच सांगतो की याला गुळाची पोळी कोण देतं.

नागपुरीसंत्रं

आई देते. डॉक्टर, तुम्ही आमच्या घरात कॅमेरा लावलाय का?

पण मी सिरियसली विचारतोय आता, दोन वर्षं जास्त म्हणजे खूप झालं. मोतीला हे डमीचं शिकवता येईल का ५ व्या वर्षी? इथे क्लब वगैरे काही नाही, मला कुणी माहीत नाही.

मोराचीचिंचोली

अवांतर विचारतो. आपल्या कारवानी, मुधोळ या कुत्र्यांचं असं काही होत नाही का? लातूर-नांदेडकडे माझ्या मामाकडे कारवानी होती, काय पळायची! २००५ ला टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता, पण कामाच्या परीक्षा म्हणाल तर ऐकलं नाही कधी.

डोंगरवाट

मोराचीचिंचोली, कारवानी आणि मुधोळ हे नजरेवर धावणारे, ग्रेहाउंडच्या घरातले. सावज दिसलं की धावायचं आणि पकडायचं, तिथे माणूस मागे राहतो, निर्णय कुत्र्याचा. गनडॉगचं सगळं उलटं आहे, दिसलं तरी जायचं नाही, माणूस म्हणेल तेव्हाच. त्यामुळे त्याला उचलून आणायच्या परीक्षेत बसवलं तर त्याच्यावर अन्याय. त्यांचं पळणं तपासायचं तर निर्जीव आमिष दोरीने ओढून त्यामागे सोडायचं, जगात बऱ्याच ठिकाणी करतात. कुणी मनावर घेतलं तर आपल्या कुत्र्यांसाठी ती योग्य परीक्षा होईल, शिवाय सशाला धक्का नाही. मला फार आवडेल हे महाराष्ट्रात बघायला.

आता ताईच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणीच आलं नाही. सवय जाते का. खरं सांगायचं तर एकदा पक्की बसली की अवघड. काही अंशी ती रक्तातून येते, म्हणून इथे पिल्लू घेताना आईबाप ओळीत गप्प बसतात का हे जाणते लोक विचारतात. पण केशर १६ महिन्यांची आहे आणि दोनदाच बोलली, तेव्हा हातातून गेलेली नाही. मला एक विचारायचंय, सरावात तुम्ही १० डमी फेकल्या तर ती किती आणते?

ओलीपायवाट

दहाच्या दहा! तिला इतकं आवडतं की... ओह.

डोंगरवाट

हं. तिथेच आहे. प्रत्येक डमी माझीच असं तिच्या डोक्यात बसलंय. मग शेजारच्याला पाठवलं की तिला वाटतं आपलं कुणीतरी चोरलं.

आता असं करा. दहा फेकल्या तर आठ तुम्ही स्वतः चालत जाऊन उचलायच्या, ती बसून बघेल. दोन तिला. कुठल्या दोन ते तिला कळता कामा नये. एखाद्या दिवशी एकही नाही, नुसतं बसून घरी. दुसऱ्यांच्या सरावाला जा आणि लांब बसा, शंभर मीटरवर, जिथे ती गप्प राहते त्या अंतरावर. मग आठवड्याला थोडं थोडं पुढे. कुंई झाली की रागवायचं नाही, रागावल्याने ताण वाढतो आणि आवाजही, गुपचूप उठून मागे जायचं. आणि तिला कधीही आवाज करत असताना सोडायचं नाही, एकदाही नाही, नाहीतर कुंई केल्यावर डमी मिळते हाच धडा ती शिकेल. तुमच्या हाताची नाडीही बघा, आपण ओळीत श्वास रोखून उभे राहतो ते त्यांना पट्ट्यातून कळतं.

शिट्टीचंही सांगून ठेवतो. एक लांब फुंकर म्हणजे थांब, छोट्या छोट्या म्हणजे ये. शिट्टी एकाच नंबरची घ्या, बरेच रिट्रीव्हरवाले ॲक्मे कंपनीची २११½ घेतात, स्पॅनियलला २१०½. हरवली तर तीच परत मिळते, सूर बदलत नाही, हा फायदा.

चिंचेचंझाड

मी परत आलेय. माझं मत बदललेलं नाही, पाळून सोडलेल्या पक्ष्यांबद्दल तर अजिबात नाही. पण दहातल्या आठ डमी माणसाने चालत जाऊन उचलायच्या, हे वाचून माझ्या लेकाची आठवण झाली, साडेतीन वर्षांचा आहे आणि दुसऱ्याच्या वाढदिवसाला केक आपल्यासमोर कापत नाहीत म्हणून रडतो. डोंगरवाट, हे पोरांवर चालतं का?

डोंगरवाट

चालतं, पण माझी तर शेपूट नसलेली दोन आहेत आणि ती शिट्टीला दाद देत नाहीत.

गोव्याचीमाड

मी फ्लॅटकोटवाली, आधी इंग्लंडमध्ये होते आता पणजीला. एक तक्रार माझीही. गट वेगळे ठीक, पण रिट्रीव्हरच्या गटात लॅब, गोल्डन, फ्लॅटकोट, कर्ली, चेसापीक, टोलर, वर आयरिश वॉटर स्पॅनियल, सगळे एकत्र. नव्वद टक्के तरी लॅबच दिसतात तिथे. लॅब लवकर तयार होतो, फ्लॅटकोट तीन वर्षांचा होईपर्यंत पोरकटच. पपी क्लासमध्ये माझ्या कुत्र्याने डमी आणली आणि जजला नेऊन दिली, कारण जजच्या खिशात सँडविच होतं. तिथे लॅबशी तुलना कशी करायची? जातींच्या आपापल्या क्लबांच्या टेस्ट असतात तिथे मला खूप बरं वाटायचं.

ओलीपायवाट

माडताई, सँडविच!!! केशरला सांगणार नाही.

पण मला वाटतं गट कामाप्रमाणे असावा, जातीप्रमाणे नाही. काम तेच असेल तर लॅबसोबत उभं राहायला हरकत नको. आमच्या गोल्डनची जातच मुळात कामासाठी जुळवलेली. स्कॉटलंडात इन्व्हरनेसजवळ गिसाकन नावाची इस्टेट होती, तिथे १८६८ मध्ये लॉर्ड ट्वीडमाउथने नूस नावाच्या पिवळ्या रिट्रीव्हरला बेल नावाच्या ट्वीड वॉटर स्पॅनियलशी जुळवलं आणि पिवळी पिल्लं झाली, त्यातली क्रोकस, प्रिमरोज, काउस्लिप ही फुलांची नावं. त्या नोंदी त्याने लिहून ठेवल्या म्हणून आज माहीत आहे. आम्ही गेलो होतो बघायला, वाड्याचे नुसते पडके दगड उरलेत, जवळच्या टॉमिच गावात गोल्डनचा पुतळा आहे. केशरने पुतळ्याचा वास घेतला आणि पुढे गेली. मी मात्र बराच वेळ उभी होते. त्या दरीतलं ओलं रान, काटेरी झुडपं, थंडगार पाणी बघितलं आणि तिच्या केसांचा जाडपणा, पाण्यातली ओढ सगळं कळलं मला. सोफ्यावर बसवून हे कळत नाही.

ओलीपायवाट

पाच आठवड्यांनी अपडेट देतेय, धागा वर आणल्याबद्दल माफी.

दादांनी सांगितलेलं अक्षरशः केलं. पहिला आठवडा भयंकर. मी डमी उचलायला चालत गेले की केशर माझ्याकडे अशी बघायची की मी तिचं ताट उचलतेय. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस ती बसल्या बसल्या आडवी झाली आणि गवत चावायला लागली. नवरा म्हणाला कंटाळली, मी म्हटलं नाही रे, हेच तर हवंय!

काल दुसऱ्या एका क्लबची टेस्ट होती. ओळीत पाच कुत्रे. तीन डमी दुसऱ्यांना गेल्या. तिच्या अंगाला बारीक थरथर होती, मला पायाला जाणवत होती, पण आवाज नाही. चौथी आमची. आणि ती नेमकी विसरली कुठे पडली ते! गेली, भलतीकडे शोधत बसली, मला शिट्टीने थांबवून हाताने दिशा द्यावी लागली, ११ गुण. नंबर वगैरे काही नाही. जजबाईंनी शेवटी एवढंच विचारलं, किती वयाची आहे, शांत आहे हो. मी गाडीत बसून रडले.

शून्य योग्य होतं का हे मीच विचारलं होतं. हो, योग्य होतं.

नागपुरीसंत्रं

ताई जोरदार!!

इकडचाही रिपोर्ट. मोती ३९ किलो. आई आठवडाभर बोलत नव्हती माझ्याशी, आता तीच पोळी मोजून देते. जुन्या जीन्सचा पाय कापून आत चिंध्या आणि थोडी वाळू भरून डमी शिवली. इकडे उन्हाळा म्हणून डॉक्टरांना विचारून पहाटे साडेपाचलाच जातो, सहाला परत. काल पहिल्यांदा तो ३० पावलांवरून डमी घेऊन आला आणि हातात दिली. मधे एकदा बसला, पण आला.

आता प्रश्न असा की तलावात टाकायची तर ही वाळूची बुडेल ना? आत काय भरू?

डोंगरवाट

वाळू काढ. रिकामी पाण्याची बाटली, बूच घट्ट लावून, तिच्याभोवती चिंध्या गुंडाळ आणि मग जीन्स. एका टोकाला वीतभर दोरी ठेव, फेकायला आणि काठीने ओढून काढायलाही. आणि पहिल्यांदा काठाजवळ, त्याच्या पोटापर्यंत पाणी असेल तिथेच टाक.